घूंऽऽ करणारा स्पीकर आणि बप्पांचा हात

आमच्या दूध संस्थेकडं व्यवस्थित चालणारा लाउडस्पीकर होता. मी तो नाकारला.

कारण तो चेअरमनच्या ताब्यातला होता आणि चेअरमन म्हणजे बप्पा, माझ्या वडलांचे थोरले चुलतभाऊ. वर्ष दुष्काळाचं. पालीच्या धरणात पोरं क्रिकेट खेळत होती (चेंडू पाण्यात जाईल ही भीती कुणालाच नव्हती!). बप्पांनी सभेपुढं ठराव आणला होता : पाऊस पडेपर्यंत गावातलं दूध संकलन बंद. म्हणजे बायांच्या हातात येणारा एकुलता एक पैसा बंद, आणि मग गोठ्यातली म्हैस थेट बाजारात. या ठरावाविरुद्ध बोलायला उभी राहणार होती माझी माय. थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर आणि तोंडातला शब्द, दोन्ही जागचे हलू न देणारी माझी माय!

"बप्पाचाच माईक घेऊ की," आण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले. "चांगला वाजतोय."

"सत्तेच्या भोंग्यातून कष्टकऱ्यांचा आवाज निघत नसतो, आण्णा!" मी गरजले. (हे वाक्य मी आदल्याच आठवड्यात स्वतःच्या पत्रकात छापलं होतं, त्यामुळे पाठ होतं.)

मग बीडहून आण्णांचे दोस्त रफिकचाचा त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानातला स्पीकर घेऊन आले. नवाकोरा. ॲम्प्लिफायर त्याच्या पोटातच. वायर खोचायची आणि बोलायचं. सभेच्या दुपारी संस्थेच्या ओसरीवर मी वायर खोचली. माझ्या आधी स्पीकरच बोलला.

"घूंऽऽऽ."

माईक बदलला. घूंऽऽऽ. वायर बदलली. घूंऽऽऽ. वायर काढूनच टाकली. गप्प! पण वायर नसलेल्या स्पीकरवर क्रांती कशी करणार? परत खोचली. घूंऽऽऽ.

"हा घातपात आहे!" मी जाहीर केलं आणि विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूवर संशय घेतला. ट्यूबलाइट बंद केली. दूध गार करायचा फ्रिज बंद केला. शेवटी पंखेही बंद केले. घूं तसाच, वर ओसरीभर बसलेल्या बाया पदरानं वारा घेऊ लागल्या.

"ए पोरी, काहून उकडून मारतीस? पंखा लाव की!"

मायनं माझी बाही ओढली. "राहू दे बाई. मी बोलतच न्हाई. लई घाबरं होतंय."

चाचांनी टेस्टर फिरवला, भिंतीमागं जाऊन आले आणि निदान केलं, "बेटा, स्पीकर चांगला हाय. तुमची अर्थिंग मेली. जमिनीतला खड्डा पार सुकलाय. दोन बादल्या पानी आन् मूठभर मीठ टाका त्याच्यात, चूप बसंल."

ओसरीवरचं सगळं थांबलं, वारा घेणारे पदरसुद्धा. (घूं सोडून.)

"पाणी?" एक आजी उठून उभ्या राहिल्या. "मातीत? टँकर चौथ्या दिशी येतंय आन् खड्ड्याला पाजताव?"

"माझ्या म्हशीला अर्थिंग म्हणा आन् तिला पाजा!" मागून दुसरी ओरडली.

मी तत्त्वाला जागून बायांच्या बाजूनं झाले. म्हणजे स्वतःच्याच विरोधात.

एवढ्यात बप्पा आले. पायरीवर जोडे काढून, धोतराचा सोगा सावरत, अनवाणी स्पीकरपाशी येऊन त्यांनी त्याच्या लोखंडी जाळीवर हात टेकला. "काय गं पोरी, तुझी क्रांती घूं करतीय व्हय?"

आणि घूं थांबला!

बप्पांनी दचकून हात काढला. घूंऽऽऽ. परत ठेवला. गप्प.

"अर्थिंग सापडली!" चाचा ओरडले. "उघडं पाय फरशीवर, हात जाळीला. बप्पा, हलू नगा!"

मी बप्पांना बाजूला सारून स्वतःचा हात ठेवला. घूंऽऽऽ! (चळवळीतल्या माणसानं जाड रबरी तळाच्या चपला घालाव्यात, असं माझं मत होतं. त्या काढायच्या असतात, हे मला सुचलं नाही.) बायांनी एका सुरात बप्पांना हाक दिली, "धरा की वो बप्पा!" मतदार सगळ्या त्याच. बप्पांनी धरलं.

आता थोरले दीर हातभर अंतरावर. मायनं पदर पुढं ओढला, पाठ फिरवली आणि माईकमधून आण्णांना म्हणाली, "अवो, थोरल्यांना सांगा, हात तसाच राहू द्या."

हे पार वेशीपर्यंत ऐकू गेलं. तरीही आण्णा रीतीप्रमाणे बप्पांकडं वळले. "बप्पा, हात राहू द्या म्हणतीय."

"ऐकलं बे! गावानं ऐकलं!"

"थोरल्यांना इचारा, चाऱ्याचं बघू म्हणले व्हते, काय बघितलं?"

"बप्पा, चाऱ्याचं काय बघितलं म्हणतीय."

बप्पा संतापून हातवारे करायला गेले. घूंऽऽऽ! "हाऽऽत!" अख्खी ओसरी ओरडली. हात जाग्यावर. माय बोलत राहिली. कुणाची म्हैस किती देते, कुणाच्या लेकीची फी त्यातून जाते, सगळं. पंधरा मिनिटांत तिनं पंधरा वर्षांचं सांगून टाकलं, तेही थोरल्यांशी एक शब्दही न बोलता!

मग मतदान. संकलन बंद करायच्या बाजूनं कोण? बप्पांनी सवयीनं उजवा हात वर केला. नेमका तोच! घूंऽऽऽ!

"हात खाली!"

बप्पांनी मुकाट्यानं हात खाली घेतला. ठरावाच्या बाजूनं एकही हात उरला नाही. संकलन चालू राहिलं.

आता माझी पाळी. समारोपाचं भाषण, सात पानं. मी माईक घेतला तोवर बप्पा जोडे घालून पायऱ्या उतरले होते. घूंऽऽऽ. या वेळी मी शहाणपणानं चपला काढल्या. पण एका हातात माईक, दुसऱ्यात पानं. तिसरा हात आणायचा कुठून?

"कुणीतरी हात लावा हो!"

ओसरीवर हातच हात होते. कुणी पदर सावरला, कुणी पोर उचललं, कुणी सतरंजी झटकली.

"माय, तू तरी!"

"धारंची येळ झाली गं," माय म्हणाली आणि चक्क हसत निघून गेली.

मी सातही पानं वाचली. रफिकचाचांनी येऊन बटण बंद करेपर्यंत तो स्पीकर माझ्या प्रत्येक वाक्याला मान्यता देत होता. तेवढा एकच.