दुसऱ्या कुणाचं काय गेलं

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, ज्या आवाजाने लुबाडले तो आवाज फार सुंदर होता, असे ती म्हणे. मी तो कधी ऐकला नाही. तरी तिच्या वर्णनावरून मला तो गर्दीतही ओळखू येईल. खर्जातला, किंचित घोगरा, वाक्याचा शेवट हलकेच खाली ठेवणारा. आणि त्याचे मराठी असे, की त्यात एकही शब्द उसना नव्हता.

आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातले. बाजार, शाळा, कचेरी सारे कन्नडमध्ये. मराठी फक्त उंबऱ्याच्या आत. तिथेही त्यात ‘जरा’साठी ‘स्वल्प’ आणि ‘बरं’साठी ‘सरी’ हे कन्नड शब्द कढीपत्त्यासारखे पडलेलेच. लग्नकार्यात पुण्याहून आलेली अक्काची नणंद म्हणे, “वहिनी, तुमचं मराठी म्हणजे सांबारात बुडवलेली पुरणपोळी!” पंगत हसे. अक्काही हसे. मग उरलेल्या जेवणात ती नुसती वाढत राही, बोलत नसे.

त्या दुपारी मी व्हाइटफील्डहून तिच्याकडे गेले, तेव्हा जिन्यातच उतू जाऊन करपलेल्या दुधाचा वास आला. अक्का जेवणाच्या टेबलाशी बसली होती. अंगावर सणाची रेशमी साडी, केस नीट विंचरलेले, आणि समोर साखरेच्या डब्याला टेकवून उभा केलेला फोन. त्याचा पडदा काळा होता.

“स्वल्प थांब,” ती कुजबुजली. “त्यांचा फोन यायचाय.”

“कुणाचा?”

“मुंबईच्या पोलिसांचा.”

मग तुकड्यातुकड्यांनी सारे बाहेर आले. तिच्या नावाने पाठवलेल्या कुठल्याशा पार्सलात अमली पदार्थ सापडले होते म्हणे. आदल्या दिवसापासून ती कॅमेऱ्यासमोर ‘अटकेत’ होती, आणि कुणाला सांगायची मनाई होती. सकाळी बँक उघडल्याबरोबर तिने आपल्या निवृत्तीच्या ठेवी मोडून ‘तपासणीसाठी’ त्याने दिलेल्या खात्यात भरल्या होत्या. संध्याकाळपर्यंत त्या परत यायच्या होत्या.

“अक्का, हे पोलीस नाहीत. फोनवर कुणी अटक करत नाही. पण अजून वेळ आहे. आत्ता तक्रार नोंदवली तर पैसे वाटेतच अडवता येतील.”

तिला पटले. ते मला तिच्या हातांवरून कळले. ती पदराचा काठ घडी घालू लागली, उलगडू लागली, पुन्हा घडी घालू लागली. पण ती म्हणाली, “बेडा.” नको.

मी मदतक्रमांक लावला. पलीकडची मुलगी खाते क्रमांक आणि व्यवहाराचा क्रमांक मागत होती. दोन्ही अक्काच्या फोनमध्ये होते, आणि फोन तिने टेबलाखाली दोन्ही हातांत आवळून धरला होता.

“माझं होतं, माझं गेलं,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणाचं काय गेलं?”

“उद्या तो दुसऱ्या कुणाला फोन करेल.”

“तिथे सगळं सांगावं लागेल ना? तो काय बोलला, मी काय बोलले?”

“हो. सगळं.”

“मग नकोच.”

फोनवरची मुलगी अजून “हॅलो, हॅलो” करत होती. नंतर फोन बंद झाला. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता, आणि खाली एक भाजीवाला कोथिंबिरीचा भाव ओरडत पुढे गेला. कुठल्यातरी शहरात त्याच घटकेला अक्काचे सारे आयुष्य एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असणार, आणि ते थांबवू शकणारा एकमेव माणूस समोर फोन आवळून बसला होता.

नणंदेच्या जिभेला ती भीत असावी, असे मला वाटले होते. खरे कारण काही दिवसांनी, अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलताना, तिने मान वर न करता सांगितले.

“तो म्हणाला होता, अक्का, तुमचं मराठी ऐकून माझी आजी आठवली.” शेंगांचा तो हिरवा, तेलकट वास आमच्या बोटांवर दाटला होता. “इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं गं. मी त्याला आईची ओवीसुद्धा म्हणून दाखवली.”

पैसे गेल्याची लाज तिने गिळली असती. ती सुखावली होती, त्याची लाज तिला गिळता येत नव्हती.

अवरेकाईचा हंगाम सरला. आमच्या शनिवारच्या भजनात एक नागपूरच्या काकू येत. पतीच्या पश्चात तिथले राहते घर विकून त्या इथे मुलाच्या फ्लॅटवर आल्या होत्या. अक्काशी त्यांचे विशेष जमे. दोघींच्याही बोलण्याला पुणेकर हसत. एका शनिवारी काकू आल्या आणि भजनाआधीच बोलू लागल्या.

“माझं सगळं गेलं बाई. घराचे सगळे. पोलीस आहे म्हणे मुंबईचा! त्याच दिवशी तक्रार देऊन आली मी. लाज कशाची? चोरी त्यानं केली ना!” आणि मग, जराशा हसून, “काय गोड बोले पण मेला. म्हणे, काकू, तुमचं मराठी ऐकून माझी आजी आठवली.”

अक्काच्या हातातली झांज नुकतीच वाजली होती. तिने ती तळव्यांत दाबून तिचा नाद बंद केला. एवढे एक वाक्य तिने त्या साऱ्या राखेतून उचलून ठेवले होते. तेही फक्त तिचे नव्हते.

“मला पोलीस स्टेशनला ने,” ती मला म्हणाली.

“मी पण येते,” काकू म्हणाल्या. “मले तिथलं सगळं माहीत झालं आता.”

सायबर पोलीस ठाण्यात फिनाइलचा आणि गार झालेल्या कॉफीचा वास होता. तरुण महिला अधिकारी रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. तिने अक्काने दिलेले क्रमांक पाहिले, संगणकावर दुसरी तक्रार उघडली, आणि पडद्यावर बोट ठेवून थांबली. मग हळू आवाजात कन्नडमध्ये म्हणाली, “अम्मा, दोघींचे पैसे एकाच खात्यात गेलेत. तुमची तक्रार त्याच दिवशी आली असती, तर हे खातं तेव्हाच गोठवलं असतं. यांचे पैसे त्यात गेलेच नसते.”

काकूंना कन्नड येत नव्हते. “काय म्हणून राहिली ती?” त्यांनी विचारले. “मिळतील म्हणते का?”

मी तोंड उघडले. अक्काने माझ्या मनगटावर हात ठेवला. काकूंकडे वळून ती मराठीत बोलू लागली. एकेक शब्द पारखून घेत, अगदी सावकाश. त्यात ‘स्वल्प’ नव्हते, ‘सरी’ नव्हते. आयुष्यभर जे शुद्ध मराठी तिला जमले नव्हते, ते तिला त्या बाकावर जमले.

“ते खातं त्यांना आधीच बंद करता आलं असतं. मला फोन तुमच्या आधी आला होता. मी सांगितलं नाही.”

काकूंनी बाकावरची पिशवी जवळ ओढली.

“म्हणजे तुम्हाले माहीत होतं,” त्या म्हणाल्या. पिशवी उचलून त्या उठल्या, आणि दारातल्या उन्हात एकट्याच चालत गेल्या. शनिवारच्या भजनाला त्या पुन्हा आल्या नाहीत.

अधिकाऱ्याने कन्नडमध्ये विचारले, “त्यांना कळलं ना?”

“कळलं,” अक्का कन्नडमध्ये म्हणाली.