हौसेरावांची पिशवी आणि फोनमधली बाई

करंजाड्याच्या सोसायटीत राहायला आल्यावर हौसेराव पिसाळांनी पहिलं काम केलं ते बिल्डरने दिलेलं दाराचं कुलूप बदलण्याचं. मग ज्याने नवं कुलूप बसवलं त्याच्याबद्दलच शंका आली, म्हणून वरून एक कडी बसवली. कडी मात्र स्वतःच्या हाताने. ती वाकडी बसली आहे, दार लावताना खांदा द्यावा लागतो, आणि बायको वेणूबाई रोज त्या कडीच्या नावाने बोटं मोडते. हौसेरावांचं त्यावर एकच म्हणणं असतं, की वाकडी का असेना, आपल्या हातची आहे.

हा संशय त्यांना वडिलांकडून आलेला नव्हता. वडील साताऱ्याकडच्या एका खेड्यात इतके भोळे म्हणून प्रसिद्ध होते, की लोक त्यांची बैलजोडी मागून न्यायचे आणि परत आणायची तेवढी विसरायचे. हौसेराव संशयी झाले ते वाशीच्या धान्य मार्केटात. मिसरूड फुटायच्या वयात ते माथाडीत लागले, पाठीवरून पोती वाहिली आणि पुढे टोळीचे मुकादम झाले. मुकादम म्हणजे पोती मोजणारा, असं बाहेरच्यांना वाटतं. हौसेरावांची खरी मातब्बरी होती ती पोत्याचं तोंड बघण्यात. वाटेत कोणी पोतं उसवून माल काढला आणि पुन्हा शिवून ठेवलं, तर ते शिवणीवरून नुसता अंगठा फिरवत आणि म्हणत, "ह्यो टाका दुसऱ्या हाताचा हाय." व्यापारी माना डोलवत. संशय घेणं हीच त्यांची नोकरी होती आणि ती त्यांनी चोख केली. निवृत्त झाल्यावर पोतं उचलायचा आकडा खुंटीला अडकवता आला. स्वभाव कुठे अडकवणार?

घरात माणसं चारच. हौसेराव, वेणूबाई, तळोज्याच्या कारखान्यात कामाला असलेला मुलगा विलास आणि महाप्याच्या एका कंपनीत जाणारी सून तेजश्री. मुलगी कामाची, बोलायला नीटस, वेणूबाईचा तर जीव की प्राण. हौसेरावांनाही तिच्यात काही खोट सापडत नव्हती, आणि तेच त्यांना खटकत असे.

विलासने बापाला मोठ्या पडद्याचा फोन आणून दिला, तिथून सगळं सुरू झालं. एका दुपारी हौसेराव डुलकी काढून उठले, तर फोन तेजश्रीच्या हातात.

"चार्जिंग संपलं होतं बाबा, लावत होते," ती म्हणाली.

तिने खरोखरच फोन चार्जिंगला लावला आणि ती आत गेली. पण हौसेरावांच्या डोक्यात किडा शिरला. लावायला एवढा वेळ लागतो? पडदा कसा उजळला होता? फोनवरून लोकांची आयुष्यभराची कमाई कशी गायब होते, हे ते खाली कट्ट्यावर रोजच ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून दाभण काढलं, जुन्या ताडपत्रीचा तुकडा कापला आणि फोनच्या मापाची पिशवी शिवली. इतकी घट्ट, की फोन आत ढकलावा लागे. वरून सुतळीचे दोन करकचून वेढे आणि शेवटी त्यांची ती मार्केटातली गाठ. ती गाठ दुसऱ्या कोणी सोडून पुन्हा बांधली, तर त्यांना लगेच कळणार होतं. वेणूबाईने कपाळाला हात लावला. "अवो, फोन हाय का ज्वारीचं पोतं?"

पिशवी आली आणि दोन-चार दिवसांत फोन बिघडला. साधासुधा नाही. फोनमध्ये एक बाई बोलायला लागली.

हौसेरावांनी पडद्यावर बोट ठेवलं की बाई म्हणे, "संपर्क. सक्रिय करण्यासाठी दोनदा टॅप करा." दुसरीकडे बोट ठेवलं की, "मेसेज. सक्रिय करण्यासाठी दोनदा टॅप करा." बोलायची भरपूर, पण काम काही करायची नाही. बोट सरकवलं तरी पडदा ढिम्म हलत नसे. फोन वाजला तर उचलता येत नसे, नुसतं समोरच्याचं नाव बाई मोठ्याने पुकारत राही. घाबरून हौसेरावांनी तो उशीखाली दाबला, तर उशीखालून आवाज आला, "पंचावन्न टक्के बॅटरी." त्या वेळी तेजश्री पोळ्या लाटत होती. ती लाटणं थांबवून म्हणाली, "बाबा, ती बाई ना—" आणि हौसेरावांनी तिच्याकडे असं काही बघितलं, की ती पुन्हा पोळीकडे वळली.

पहिल्या मजल्यावर अरविंद केळकर राहतात, बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "हँग झालाय. आणा इकडे, रीस्टार्ट मारून देतो."

"हितनंच सांगा," हौसेराव म्हणाले. फोन परक्याच्या हातात द्यायचा प्रश्नच नव्हता.

"बरं. बाजूचं पॉवरचं बटण आणि आवाज कमी करायचं बटण, दोन्ही एकदम दाबा आणि दाबून धरा. पडदा काळा होऊन कंपनीचं नाव येईपर्यंत सोडू नका."

मार्केटात पूर्वी दलाल एकमेकांची बोटं रुमालाखाली धरून भाव ठरवत, तसा हौसेरावांनी खांद्यावरचा पंचा फोनवर टाकला आणि त्याखाली हात घातला. पहिल्या वेळी बटणं जरा लवकर सुटली. खटकन आवाज झाला आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटं चित्र चमकून गेलं.

"फोटू काढला!" हौसेराव ओरडले. "माझा फोटू काढला हिनं!"

"अहो, तुमचा नाही, स्क्रीनचा. स्क्रीनशॉट म्हणतात त्याला. बटणं लवकर सोडली की होतं असं. जास्त वेळ धरा."

दुसऱ्या वेळी त्यांनी पोतं उचलल्यासारखा जोर लावला. पडदा काळा झाला, नाव आलं, फोन नव्याने चालू झाला. केळकरांनी विजयी मुद्रेने चष्मा पुसला. तेवढ्यात पंच्याखालून बाई म्हणाली, "फोन लॉक आहे."

केळकरांनी चष्मा घाईने पुन्हा डोळ्यांवर चढवला. रीस्टार्टनेही जात नाही म्हणजे कोणीतरी आत बसवलं असणार, असं काहीसं ते पुटपुटले. त्यांनी ते सहज म्हटलं होतं. हौसेरावांनी ते सोन्यासारखं जपून ठेवलं.

पनवेलच्या दुकानदाराने तर कहर केला. "पासवर्ड लिहून द्या आणि फोन ठेवून जा काका, संध्याकाळी या," तो म्हणाला. हौसेरावांनी त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि पिशवी बनियनच्या आतल्या खिशात घालून घरी आले.

बाई रोज मात्र नसे. काही दिवस ती आपोआप गप्प होई आणि फोन शहाण्यासारखा वागे, मग पुन्हा सुरू. हौसेरावांनी मुकादमाच्या नजरेने पाळत ठेवली आणि त्यांना धागा सापडला. तेजश्री माहेरी असली की बाई कधी सुरूच होत नसे. तेजश्री घरात असली की बाई बोलायला लागलीच म्हणून समजा. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला.

तो निकाल चारचौघांत सांगायची वेळ लवकरच आली. रविवारी पार्किंगमध्ये टँकरच्या पाण्यावरून सोसायटीची मीटिंग होती. वीस-पंचवीस माणसं जमली होती. हौसेराव चेअरमनला टँकरवाल्याच्या चोरीबद्दल सुनावत होते आणि सगळे मन लावून ऐकत होते. एवढ्यात त्यांच्या खिशातून बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "मेडिकलवाला. आपले मूळव्याधीचे मलम आले आहे, घेऊन जावे."

जो हशा उसळला, तो लिफ्टपर्यंत गेला. हौसेरावांचा चेहरा लालबुंद झाला. समोरच्या गर्दीत तेजश्री उभी होती. ती हसत नव्हती, पण तेवढं बघायला ते थांबले नाहीत.

"हसू नका!" ते गरजले. "ही माझ्या सुनंची करणी हाय. ही माझा फोन चोरून उघडती. काय तरी घालून ठेवलंय तिनं त्यात!"

हसू जागच्या जागी थांबलं. केळकरांच्या बायकोने, मीनाताईंनी, तेजश्रीच्या खांद्यावर हात ठेवला. तेजश्रीने तो हळूच बाजूला केला आणि ती जिना चढून वर गेली. सातव्या मजल्यापर्यंत चालत गेली, लिफ्टसाठीसुद्धा थांबली नाही.

घरी आकांडतांडव काहीच झालं नाही. विलासने एवढंच सांगितलं, "बाबा, आम्ही नावड्याला भाड्याने खोली बघतोय. एक तारखेपासून तिकडं. तिला इथं नाही राहायचं."

"ऱ्हाऊ दे. चोराच्या मनात भीती असतीच," हौसेराव म्हणाले.

वेणूबाईने हातातलं ताट खाली ठेवलं. "पोरगी गेली तर मी बी तिच्यासंगं जानार. तुमी आनि तुमची पिशवी, ऱ्हावा दोघं."

ती चिडून बोलत नव्हती. शांतपणे बोलत होती आणि हौसेरावांना पुढचं चित्र पहिल्यांदा दिसलं. चार खोल्या, वाकडी कडी आणि ते एकटे. तरीही मागे फिरायचं तर पुरावा हवा, आणि पुरावा सगळा तिच्याविरुद्ध होता.

पुढच्या रविवारी सकाळी तिघंही नावड्याची खोली बघायला गेली. घरात हौसेराव एकटे. फोन टेबलावर उघडाच पडला होता आणि गुण्यागोविंदाने चालत होता. बघा, ती नाही तर बाई नाही, असं स्वतःला बजावत ते दूध आणायला निघाले. फोन घरात एकटा ठेवायचा नाही म्हणून तो पिशवीत ढकलला, सुतळीचे दोन वेढे दिले आणि दातांत टोक धरून गाठ आवळली.

पिशवीतून बाई बोलू लागली.

हौसेराव दारातच थांबले. घरात दुसरं कोणी नव्हतं. तेजश्री तिकडे नावड्याला. त्यांनी गाठ सोडली, फोन बाहेर काढला, पुन्हा पिशवीत घातला, पुन्हा आवळला. बाई गप्प झाली. सोडून पुन्हा आवळला, बाई बोलली. मग त्यांनी तोच अंगठा, ज्याने आयुष्यभर लोकांचे टाके पकडले, सुतळीवरून फिरवला. दोन वेढे बरोबर आवाजाच्या लांबुळक्या बटणाच्या दोन टोकांवर बसत होते. दोन्ही टोकं एकदम दाबली जात होती. एका आवळण्याने बाई चालू होई, पुढच्याने बंद. आणि तेजश्री माहेरी असली की बाई सुरू का होत नसे, तेही त्यांना उमगलं. ती घरात नसली की ते पिशवी बांधतच नसत. कोणापासून लपवायचं?

ते चप्पल घातलेल्या पायांनी तसेच खाली बसले. त्यांना लाज वाटली, आणि ती अशी की दूध आणायलाही उठवेना. मनात एक लबाड विचार येऊन गेला, नाही असं नाही. पिशवी कचऱ्यात टाकावी, फोन दुरुस्त झाला म्हणावं, आपोआप झाला म्हणावं. कोणाला काय कळतंय? पण मार्केटात त्यांनीच टोळीला शिकवलं होतं, की आळ जिथे घेतला तिथेच उतरवायचा, घरी जाऊन गुपचूप नाही. तसं न करणाऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा ते पीत नसत.

संध्याकाळी टँकर यायच्या वेळी पार्किंगमध्ये तीच माणसं उभी होती. तिघं रिक्षातून उतरली तसे हौसेराव पुढे झाले. हातात पिशवी होती.

"मागल्या रविवारी हितंच मी माझ्या सुनंवर आळ घेतला व्हता," ते मोठ्याने म्हणाले. "त्यो खोटा व्हता. तिनं काय बी केलेलं न्हाई. ह्या माझ्या गाठीनं बटणं दाबली जात व्हती. चूक माझी हाय."

केळकर पुढे सरकून पिशवी बघायला लागले. कोणी हसलं नाही. तेजश्री जागची हलली नव्हती.

"मला माहीत होतं बाबा," ती म्हणाली.

"काय?"

"माझ्या ऑफिसात क्षिप्रा म्हणून मैत्रीण आहे. तिला दिसत नाही. तिच्या फोनमध्ये हीच बाई दिवसभर बोलते, तिच्यावरच ती सगळं काम करते. पहिल्याच दिवशी पोळ्या लाटताना मी आवाज ओळखला. सुतळी कुठं बसते तेही दिसत होतं."

"मंग बोलली का न्हाईस पोरी?"

"बोलले असते तर तुम्ही काय म्हणाला असता? हिला बंद करता येतं, म्हणजे चालूही हिनेच केलं."

हौसेरावांनी हेच म्हटलं असतं. अगदी हेच शब्द.

"नावड्याची खोली आम्ही घेतली," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "लहान आहे. पण आज तिथं मी खिडकी उघडली, ओट्यावरून हात फिरवला, कपाटं उघडून बघितली. कोण बघतंय का म्हणून एकदाही मागं वळले नाही."

त्यांच्या हातातली बाई मध्येच बोलली, "सक्रिय करण्यासाठी दोनदा टॅप करा." हौसेरावांनी घाईघाईने सुतळी तोडली, फोन बाहेर काढला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"घे. तूच बंद कर हिला. पासवर्ड बी सांगतो."

तेजश्रीचा हात उठला आणि अर्ध्यावरून परत गेला. तिने तो ओढणीच्या टोकात गुंडाळला.

"मी नाही हात लावत बाबा. तुम्हीच करा, मी सांगते. आवाजाच्या बटणाची दोन्ही टोकं एकदम दाबा. हां, अशीच. धरून ठेवा, सोडू नका... झालं."

बाई गप्प झाली. तेजश्री विलासबरोबर लिफ्टकडे गेली. हौसेराव टँकर येऊन गेला तरी तिथेच उभे होते, मग वर आले. वेणूबाई आणि तेजश्री जमिनीवर बसून कपबशा कागदात गुंडाळत होत्या.