वीरगळाला बांधलेली गाय

टँकरचं पाणी फडक्यातून गाळून हंडे भरले, शेळीला पाला टाकला, भाकरी थापल्या. खाणारी मी एकटी, पण हात अजून दोघांच्या थापतात. त्या सकाळी हे सगळं करताना डोक्यात एक आयरिश वीर होता, वाचनालयातल्या दंतकथांच्या पुस्तकातला. नाव मला नीट म्हणता येत नाही. एका बैलासाठी चालून आलेली फौज त्यानं एकट्यानं अडवली. पुढे मरताना आडवं पडायचं नाही म्हणून स्वतःला दगडाला बांधून घेतलं. त्याच्यामागं बायकोचं काय झालं, ते दोन ओळींत उरकलंय.

गुरांपायी मेलेले असे वीर आपल्याकडेही दगडात कोरलेत. शिरूर कासारच्या पुढं एका गावात असा वीरगळ आहे म्हणून कळलं आणि निघाले.

दिंद्रुडहून बीडला एसटी, बायकांना अर्धं तिकीट. बीडच्या स्टँडवर शिरूरची गाडी कुठं लागते हे विचारू नका, जो तो वेगळा फलाट सांगतो. शिरूरला भजी चांगली मिळतात, पाणी मात्र घरून न्या. पुढं रिक्षा. रिक्षावाल्यानं विचारलं, देवाला की पाहुण्याकडं? दगड बघायला, म्हटल्यावर तो गाव येईपर्यंत मला आरशात न्याहाळत होता.

वीरगळ दूध सोसायटीच्या चारा छावणीतच निघाला. खालच्या चौकटीत वीर गायींसाठी लढतोय, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत, वरच्या चौकटीत तो महादेवापुढं बसलाय. बायको कुठंच नाही. धारा काढत असावी.

दगडाला एक गाभण गाय बांधली होती. शेजारी सुभद्राबाई, माझ्याच वयाच्या. त्यांनी सांगितलं, छावणीत दावण सोसायटीच्या सभासदालाच मिळते. सभासद त्यांचा नवरा, तो वारलेला, मुलगा-सून ऊसतोडीला. म्हणून त्यांनी दगडाला दावं बांधलं आणि दुसऱ्यांच्या गुरांपुढचं सांडलेलं वेचून गाय जगवली. आता बाहेर काढली तर बाजाराशिवाय वाट नव्हती.

तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन आले. कपडे इतके पांढरे की धूळसुद्धा विचारून बसत असेल. उद्या पुढारी येणार, गायींसाठी मेलेल्या वीराला हार घालणार, तेव्हा गाय सोडा म्हणाले.

"सभासद कुठाय?"

"मेलाय. तुमीच आलता की मातीला."

"तसं न्हाई मावशी, नियम हाय."

"मंग ह्या बाबाला इचारा, त्यो कुठं सभासद हाय? त्याला कामून ठिवलाय छावणीत?"

धारा काढणारे हसले. चेअरमन हसले नाहीत. गड्यांनी दावं सोडलं आणि टँकरच्या पाण्यानं दगड धुवायला घेतला. खाली ओघळलेलं पाणी गाय चाटत होती, तिला तिथूनही ओढलं. सुभद्राबाई एवढंच म्हणाल्या की परवा बाजार आहे.

घरी आले तर कोरीवकाम नीट आठवेना, गायीची जीभ तेवढी आठवत होती. कडब्याची गंजी अजून अर्धी आहे. हे गेल्यावर बैल विकले, तेव्हापासून त्यांची दावण रिकामीच आहे.

दुसऱ्या दिवशी मी टेम्पो करून गेले आणि सुभद्राबाईंना गायीसकट घेऊन आले.