मान वर करताना

त्या हिवाळ्यात माझ्या अंगाला सारखा निर्गुडीचा वास यायचा. तव्यावर गरम केलेला पाला फडक्यात बांधून मी मानेवर धरायची, आणि शेक ओसरला की दुखणं पुन्हा खांद्यावरून उतरत उजव्या हाताच्या बोटांत मुंग्या होऊन शिरायचं. वय झालं, दुखायचंच, असं म्हणून मी सोडूनही दिलं असतं. पण लेक सुमन पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे वाईला यायची होती, आणि तेला-पाण्यात निसटणारं एवढंसं बाळ या बधिर हातांना न्हाऊ घालता येईल का, या विचाराने माझी झोप उडाली होती.

सुमनचे वडील कोयनानगरला नोकरीला. म्हणून थोरले दीर, आबा, मला एसटीने सांगलीला घेऊन गेले. विश्रामबागेत त्यांच्या मुलीच्या घराजवळ हाडांचे डॉक्टर होते. इतकी वर्षं एका घरात नांदले, पण आबांशी माझं समोरासमोर बोलणं कधी झालं नव्हतं. थोरल्या दिरापुढे भावजयीने मान वर करायची नाही, आणि त्यांनी काही सांगायचं तर दाराकडे बघून सांगायचं, ही रीत. वाटेतही त्यांनी खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत विचारलं, कुणाला पाणी हवंय का, आणि पदराआड मला हसू आलं.

डॉक्टर तरुण, हलक्या हाताचे. त्यांनी हनुवटी छातीला टेकवायला लावली, कान खांद्याकडे नेला, कोपरावर रबरी हातोडीने टकटक केलं, बोटांवरून कापूस फिरवून कळतंय का विचारलं. डोकं कलतं करून वरून हलकेच दाबलं, तशी तीच ओळखीची मुंगी बोटांपर्यंत धावली. मग म्हणाले, छताकडे बघा. मी पदर सावरला आणि जमिनीकडे बघत राहिले. त्यांनी कपाळाला हात लावून पाहिलं, मान दगडासारखी. त्यांचा चेहरा उतरला. मान मागे जातच नाही, पुण्याला न्यावं लागेल, असं ते आबांना सांगू लागले, आणि माझ्या डोळ्यांपुढे दुसऱ्याच कुणाच्या पायांवर न्हाणारं बाळ उभं राहिलं.

आबांनी टोपी सारखी केली. “डाक्टर, मी भाईर बसतो. मी हितं हाय तवर ती मान वर करायची न्हाई.”

दार लागलं आणि मी मान वर केली. ती कुरकुरली, शेवटी जरा अडलीही, पण गेली. वर पांढरा पंखा होता आणि उन्हाचा एक हलता कवडसा. डॉक्टर इतके हसले की मलाही आवरेना. मग एक्स-रे उजेडावर धरून त्यांनी मणक्यांच्या झिजलेल्या कडा दाखवल्या. “केस पिकतात ना मावशी, तसे मणकेही पिकतात.” स्वतःची बोटं पुढे करून दाबा म्हणाले, दाबली, तर हात झटकत म्हणाले, बाळ खुशाल न्हाऊ घाला, फक्त डोक्यावर घागर नको, आणि रोज मानेचा व्यायाम करा. परतताना साऱ्या रानावर उसाचे चंदेरी तुरे डुलत होते.

फाल्गुनात सुमनला मुलगी झाली. ऊन पाण्याच्या वाफेत ती माझ्या पायांवर पालथी पडून आकांत करी, बोटांत बारीक मुंग्या असत, पण हात निसटला नाही. न्हाणं झालं की आबा कोवळ्या उन्हात तिला मांडीवर घेऊन बसत, अजून न धरलेली तिची मान तळव्यात सांभाळत, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून माझा व्यायाम उरकी. एके सकाळी कृष्णेच्या बाजूने पोपटांचा थवा कलकलत आला. मी बघतच राहिले. पदर खांद्यावर उतरला तरी. मागून आबा बोलले, दाराशी नव्हे, माझ्याशी.

“मला काय दिसंना, पोरी. माझी तर एवढी बी मान वर जात न्हाई.”

“हळूहळू जाईल, आबा,” मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण त्या अंगणात तो मी पहिल्यांदा ऐकत होते. थवा केव्हाच गेला होता. आभाळ तिथंच होतं, आणि खाली बघायची घाई आम्हा दोघांनाही नव्हती.