वाटी रिकामी आणायची नाही

"वाटी रिकामी परत आणायची नाही हं!" असं म्हणत ताई वाटी पुढं सरकवायच्या. तिच्यात चिवडा असो की आमचं सॉफ्टवेअर, वाक्य तेच.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती आत आली की खोलीतला पंखासुद्धा जोरात फिरू लागतो. ताई साताऱ्याच्या, नवरा फौजेत, बदलीमुळं जयपुरात आलेल्या. वैशाली नगरात एका शिकवणीच्या वर्गावरच्या खोलीत त्यांनी ऑफिस थाटलं. त्या धरून आम्ही चौघं.

आमचं सॉफ्टवेअर लाकडी ठशांनी कापड छापणाऱ्यांसाठी होतं. ठसा कोरण्याआधीच नक्षी साडीभर कशी दिसेल, ते पडद्यावर कळायचं. कुणीही फुकट घ्यावं, उघडून पाहावं, बदलावं. फक्त केलेली सुधारणा सगळ्यांसाठी परत द्यावी. आमचं पोट शिकवण्यावर आणि दुरुस्तीवर भरायचं. म्हणजे, अर्धंच.

मग एक मोठी कापड कंपनी आली. रंग वेगवेगळे करून दाखवणारी सोय बनवा, वर्षभराचं काम देतो म्हणाली. आम्ही असे नाचलो की खालच्या सरांनी काठीनं छत ठोकलं.

"लेकिन मॅडम, ये सिर्फ हमारे पास रहेगा," कंपनीचे साहेब म्हणाले.

नाच थांबला. हे काम गेलं तर ऑफिसला कुलूपच लागणार होतं. मी कुजबुजलो, "ताई, मतलब, हो म्हणून टाकू या ना!"

"आणि इथल्या बस्सी गावच्या छपाईवाल्यांना कोणतं तोंड दाखवू? अर्ध्या सुधारणा त्यांच्या आहेत." मग साहेबांपुढं शंकरपाळ्यांची वाटी ठेवून त्या म्हणाल्या, "सर, इस सीझन अकेले आप चलाइए. दिवाली के बाद सबका. और कटोरी खाली वापस नहीं आती हमारे यहाँ."

साहेबांनी शंकरपाळ्या संपवल्या आणि हात झटकून निघून गेले. आमचे चेहरे पडले. संध्याकाळी फोन आला: मंजूर! वर विचारणा, "वो मीठावाला क्या था?"

दिवाळीआधीच ताईंच्या यजमानांची आसामला बदली झाली. स्टेशनवर आम्ही सगळेच रडलो, हमालाला वाटलं घरचंच कुणी चाललंय. त्याचं काही चुकलं नव्हतं.

दिवाळीनंतर आम्ही ती सोय सगळ्यांना खुली केली. पाठोपाठ कंपनीच्या मुलांनी त्यात स्वतःहून केलेल्या सुधारणा आल्या, न मागता. सोबत एकच ओळ: "कटोरी वापस." आम्ही पुन्हा नाचलो. खालून काठीही वाजली.

ताईंची खरी वाटी अजून आमच्याकडेच आहे. आसामला पाठवायची आहे, पण तिच्यात काय भरावं यावर आमचं अजून एकमत होत नाही.