आपल्या दाढीला आपलाच हात

तुमच्या आजोबांची दाढी कोण करायचं?

लगेच 'न्हावी, दुसरं कोण' म्हणू नका. तुम्हाला नक्की माहीत आहे का? माझ्या आजोबांची दाढी न्हावी करत नव्हता. गावात न्हावी होता, सकाळी पेटी घेऊन घरोघर फिरायचा. पण आमची वस्ती सुरू व्हायच्या आत, चिंचेपाशी तो मागे वळायचा. आमच्या माणसाला त्यानं हात लावला असता, तर गावानं त्याला दुसऱ्या दिवशी कुणाच्याच ओट्यावर बसू दिलं नसतं. म्हशी भादरायला मात्र गावाची हरकत नव्हती.

आजोबांनी मग पनवेलच्या बाजारातून एक वस्तरा आणला आणि आरशाच्या तुकड्यात बघून स्वतःच शिकले. गालावर वण पडले, पण शिकले. तेव्हापासून आमच्या घरात एक नियम झाला : आपल्या दाढीला आपलाच हात. माझ्या वडिलांनी तो पाळला. पनवेलच्या एसटी डेपोत गाड्या दुरुस्त करत होते तेव्हाही, आणि नवीन पनवेलला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतल्यावरही. आमच्या बिल्डिंगच्या खालीच सलून आहे, एसी आहे, आत मोठमोठ्यानं गाणी चालू असतात. वडील त्याच्यासमोरून रोज गेले, आत कधीच गेले नाहीत.

वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. आण्णा जातीविरुद्ध पत्रकं लिहायचे. डेपोच्या गेटवर, बाजारात, जयंतीच्या सकाळी वाटायचे. उरलेले गठ्ठे माळ्यावर असायचे. मी वाचायला शिकलो ते त्या पत्रकांवर, आणि दाढी करायला शिकलो तेही त्यांच्यासोबतच. वस्तऱ्यावरचा फेस पुसायला आमच्या घरी जुन्या पत्रकांचे चौकोनी तुकडे ठेवलेले असत. कोऱ्या बाजूनंच पुसायचं, छापील बाजूला फेस लावायचा नाही, अशी सक्त ताकीद.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना आण्णांनी मला बेसिनपुढे उभं केलं आणि स्वतः माझ्या मागे उभे राहिले.

"मी बोलीन. हात लावनार नाय," ते म्हणाले. "चामडी ताण. पात्याची पाठ गालापासनं जराशी उचल. आता खाली आन. खालीच. आडवा नेलास की कापलास."

मी तेव्हा नुसता पेटलेला होतो. दाढी करणं म्हणजे आपण गावाला दिलेलं उत्तर, असं मनात घोकतच वस्तरा उघडला होता. पातं गालाला टेकलं आणि सगळी वाक्यं विसरलो. ते किती हलकं असतं हे आधी कळत नाही. दाबावंसं वाटतं, आणि दाबायचंच नसतं. कानाजवळून निघालो तो जबड्याच्या वळणावर अडखळलो. हात घाबरून बाजूला सरकला. आरशात पांढऱ्या फेसातून एक लाल रेघ उतरताना दिसली, मग झोंबलं.

"आण्णा!"

"तुरटी लाव. आनि पुढं चल. अर्धी दाढी घेऊन कुठं जाशील?"

दुसऱ्या दिवशी वर्गातला मित्र म्हणाला, "काय रे, मांजरीशी भांडलास का?" मी त्याला वर्गापासून कँटीनपर्यंत गावगाड्यावर भाषण दिलं. तो म्हणाला, "बरं बाबा. पण मांजर जिंकली."

हळूहळू जमायला लागलं. धार लावायच्या चामडी पट्ट्यावर पातं फिरवताना पाठ पुढे ठेवायची आणि धार मागे, हे चामडं कापून ठेवल्यावर कळलं. वरच्या ओठावर श्वास रोखायचा, हे असंच, रक्त आल्यावर कळलं.

गेल्या वर्षी आण्णांच्या छातीत दुखलं. हॉस्पिटलमधून घरी आले ते रक्त पातळ करायच्या गोळ्या घेऊनच. डॉक्टरांनी बजावलं, कुठं कापून घेऊ नका, रक्त लवकर थांबणार नाही. त्यात त्यांचा हात थरथरायला लागला होता. माझ्या मोठ्या बहिणीनं, ताईनं, दाढीचं मशीन आणून दिलं. आण्णांनी ते एकदा चालवून पाहिलं, पुन्हा खोक्यात घातलं आणि खोकं कपाटावर ठेवलं. पुढे वस्तऱ्यानं दाढी करायचे ती कशी, ते आम्ही पाहिलं नाही. दार बंद असायचं. बाहेर आले की गालावर कुठे कुठे खुंट राहिलेले असायचे.

मग ताईच्या लग्नाची सकाळ आली. हॉलवर निघायचं होतं, खाली गाडी उभी होती. आण्णा बाथरूममध्ये होते, आणि आतून एक आवाज येत होता. टक, टकटक, टक.

मी दारापाशी गेलो. "आण्णा, आवाज कसला येतोय?"

"नळ हाय."

नळ बंद होता. वस्तऱ्याचं पातं बेसिनच्या कडेवर वाजत होतं. हात त्यांना कडेवरसुद्धा स्थिर ठेवता येत नव्हता.

"दार उघडा."

बऱ्याच वेळानं कडी निघाली. चेहऱ्यावर फेस सुकून पापुद्रे धरले होते. पात्यावर फेसाचा ठिपकाही नव्हता. म्हणजे इतका वेळ ते वस्तरा घेऊन नुसते आरशापुढे उभे होते.

पांढऱ्या साडीतली ताई माझ्या मागे येऊन उभी राहिली. "आण्णा, मशीन काढू का?"

"नाय. लेकीच्या लग्नाला धड दाढी करूनच येनार. नायतर येनारच नाय."

"मग खालच्या सलूनवाल्याला बोलावते. पाच मिनिटांत वर येईल."

"नाय."

"अहो, तो पोरगा कुठून तरी आलेला. त्याला तुमची जात विचारायला वेळ तरी आहे का?"

"त्याला नसंल," आण्णा म्हणाले. "मला हाय."

खाली ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचं लक्ष आण्णांच्या चेहऱ्याकडे नव्हतं, वस्तऱ्याकडे होतं.

"मी करतो," मी म्हणालो.

आण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना शिवी दिली होती. "आपल्या दाढीला..."

"आपलाच हात. माहीत आहे मला. पण आण्णा, हे आपण ठरवलं होतं का? दुसऱ्याचा हात आपण नाकारला नव्हता, त्यांनी आपल्याला नाकारला होता. त्यांचा नकार आपण अजून घरात सांभाळतोय. आता तर मुलाचा हातसुद्धा चालेना."

"माझ्यापुढं पत्रक वाचतोस व्हय?"

"तुमचंच आहे."

त्यांच्या ओठाजवळचा सुकलेला फेस तडकला. हसले असावेत. मग वस्तरा मिटून माझ्या हातात दिला आणि प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. "माझ्या साडीवर थेंब उडाला तर दोघांनाही बघून घेईन," ताई म्हणाली.

मी नवीन फेस लावला, आण्णांच्या समोर उभा राहिलो, कानाजवळ पातं टेकवलं आणि हात भलतीकडेच गेला. डावा गाल उजवीकडे आला होता. चामडी जिकडून ताणायची तिकडे बोटं पोहोचत नव्हती, धार तिरकी होऊन कानाच्या पाळीपाशी थांबली. आण्णांनी डोळे उघडले. तेव्हा माझ्या लक्षात आलं : आमच्या घरात आजवर कुणी दुसऱ्या माणसाची दाढी केलीच नव्हती. आजोबांनी नाही, आण्णांनी नाही, मी नाही. आम्ही सगळे आरशात शिकलो होतो, एकेकटे. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर वस्तरा कसा चालवायचा, हे आम्हाला कुणालाच येत नव्हतं.

"मागं ये," आण्णा म्हणाले. "मी उभा ऱ्हायचो तसा."

मी त्यांच्या मागे गेलो. त्यांनी डोकं मागे टाकून माझ्या छातीला टेकवलं. ताईनं बेसिनवरचा आरसा काढून समोर धरला. आता आरशात त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्याखाली होता, आणि हाताला ओळखीची वाट सापडली. गाल झाले. वरचा ओठ झाला. माझ्याबरोबर त्यांनीही श्वास रोखला होता. हनुवटी झाली. मग गळा.

गळ्याची कातडी सैल झाली होती, ताणली की बोटाखालून निसटायची. पात्याच्या शेजारीच एक शीर उडताना दिसत होती. इतका वेळ नियमांवर बोलणारा मी, आता मला एकच गोष्ट हवी होती : या माणसानं आवंढा गिळू नये.

ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न दिला आणि आण्णांनी आवंढा गिळला.

मी पातं उचललं. उशीर झाला होता. जबड्याच्या खाली एक बारीक लाल बिंदू आला, फुगला आणि उतरायला लागला. आईनं तोंडावर पदर धरला. मी तुरटी दाबली. उचलून पाहिली, पुन्हा रक्त. परत दाबली. "थांबलं का?" ताईनं विचारलं. "हलू नकोस, आरसा धर," मी म्हणालो. माझा अंगठा त्यांच्या गळ्यावर होता आणि त्यांची नाडी अंगठ्याखाली लागत होती. आण्णा आरशातून माझ्याकडे बघत होते. त्यांचे हात मांडीवर होते, थरथरतच होते, पण त्यांनी माझा हात बाजूला केला नाही.

खूप वेळानं तुरटी उचलली, तर रक्त थांबलं होतं.

"ऱ्हायलेलं उरकून घे," आण्णा म्हणाले. "अर्धी दाढी घेऊन हॉलवर जाऊ व्हय?"

लग्नाच्या फोटोत त्यांच्या जबड्याखाली तुरटीचा पांढरा डाग दिसतो. पुढच्या रविवारी मी पेपर वाचत होतो, तर आण्णा स्वतःच स्टूल घेऊन आले, माझ्यासमोर पाठ करून बसले आणि आरसा हातात धरला. मागे वळून न बघताच म्हणाले, "ये." तेव्हापासून दर रविवारी मीच करतो. सलूनमध्ये ते अजून जात नाहीत. मी आग्रहही करत नाही. आयुष्यभर बंद असलेलं दार आता उघडं आहे, एवढ्यानं माणूस लगेच आत जात नाही, आणि त्यानं जावं असं सांगायचा हक्क ज्यांनी बंद केलं त्यांना तर मुळीच नाही.

आता तुम्हाला एक मागणं. आज घरी गेलात की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर बसा आणि विचारा : आपल्या गावचा न्हावी कुणाच्या दारापर्यंत जायचा, आणि कुठून मागे वळायचा? 'तेव्हा सगळीकडेच तसं होतं' या उत्तरावर उठू नका. जागा विचारा. झाड होतं की विहीर होती, की कुणाच्या घराचा कोपरा, ते विचारा. सापडली की एकदा तिथं जा आणि तो जिथून मागे वळायचा, तिथून पुढे चालत जा.