मोठी चाकं आणि नाल्याचा चढ

आमच्या जीपला मोठी चाकं लावायचं डोकं माझं. हे आधीच सांगून टाकते, कारण बाबांनी ते पुढं कधीच कोणाला सांगितलं नाही, आणि त्यांनी झाकलेली माझी चूक तशीच झाकलेली राहावी असं मला वाटत नाही.

आमचं घर शेतात आहे. वरवट बकालच्या पलीकडं, सातपुड्याच्या अंगाला, एका पांधणीच्या, म्हणजे शेतरस्त्याच्या, अगदी शेवटी. गाठायचं गाव नाल्याच्या वरच्या बाजूला. घरून निघालं की आधी दीडेक किलोमीटर काळ्या मातीची पांधण, मग नाला, आणि नाल्यातून वर काढणारा खडा, मुरमाड चढ. त्यानंतर गाव आणि डांबरी रस्ता. मायच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला खामगावला डायलिसिसला न्यावं लागायचं. वार चुकवायचा नाही, चुकला की अंगात पाणी भरतं आणि श्वास कोंडतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. खामगावात खोली करू म्हटलं तर माय म्हणायची, दोन दिवस मशीनवर असते, बाकीचे पाच दिवस तरी घरात राहू द्या. त्यामुळं सगळं आमच्या जुन्या डिझेल जीपवर होतं. ती मागच्या दोनच चाकांवर ओढणारी, आणि चालवणारी मी. मी शिकवते त्या शाळेनं मला त्या दोन दिवसांची सवलत दिली होती.

पावसाळ्यात ट्रॅक्टरांनी पांधणीत खोल चाकोऱ्या पाडल्या. जीपचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकायचं आणि चाकं जागच्या जागी फिरत राहायची. दोनदा आम्हाला ट्रॅक्टरनं ओढून काढलं. मी मोबाइलवर डोंगरदऱ्यांत गाड्या घालणाऱ्या लोकांचे व्हिडिओ पाहिले आणि ठरवलं, चाकं मोठी करायची. चाक मोठं, गाडी उंच, पोट टेकायचा प्रश्नच नाही.

बाबा जन्मभर खामगावच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. कापसाची यंत्रं पट्ट्यांवर आणि पुल्यांवर चालायची, त्यामुळं जगातली कुठलीही फिरती वस्तू त्यांना पुलीच वाटायची. ते म्हणाले, चाक म्हणजे इंजिनाची शेवटची पुली. ती मोठी केली की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाईल, पण ओढ कमी पडेल. चाक मोठं करायचं तर मागच्या अ‍ॅक्सलमधले क्राउन-पिनियनचे दातेही बदलायला हवेत, म्हणजे गेलेला जोर परत मिळेल. मी त्यांना उलट म्हटलं, बाबा, ही जीप आहे, जिनिंग नाही. शिकलेल्या माणसाच्या जिभेला हाड नसतं हे माझ्याकडं पाहून कळावं. 

चाकं बसली. तीन इंच मोठी, खोल नक्षीची. पहिल्याच दिवशी पांधण अशी पार केली की मी आरशात स्वतःकडं पाहून हसले. पुढं गाडी जरा जड उठायला लागली. पूर्वी चौथ्या गिअरवर चालायची तिथं तिसरा टाकावा लागे, ब्रेक दाबला तरी थोडं पुढं जाऊन थांबायची. मी म्हटलं, नवं आहे, सवय होईल. एकदा खामगावच्या रस्त्यावर बाबा बाहेर बघत म्हणाले, ‘‘दगड लवकर येऊन राह्यले.’’ म्हणजे मीटरवर किलोमीटर भरायच्या आतच रस्त्याकडेचा दगड येत होता. चाक मोठं झालं होतं, मीटरला ते कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं.

भादव्यातल्या एका मंगळवारी रात्रभराच्या पावसानं चढावरचा मुरूम वाहून गेला होता आणि खालचे दगड उघडे पडले होते. पांधण मी सहज काढली. चढाच्या मध्यावर पहिल्या गिअरमध्येच इंजिन घुसमटलं. बंद पडू नये म्हणून मी क्लच अर्धा धरून रेस देत राहिले. जळका वास आला, इंजिन ओरडत राहिलं आणि चाकं थांबली. मग गाडी मागं सुटली. मी ब्रेकवर उभी राहिले तरी ती घसरत जाऊन नाल्यातल्या दगडाला टेकली. मागच्या सीटवर मायला बाबांनी घट्ट धरलं होतं. लागलं कोणालाच नाही.

शेजारच्या शेतातले चौघे धावून आले. मायला चालवत नव्हतं. त्यांनी बाज आणली, तिला तीवर निजवलं, आणि चौघांनी चार पाय खांद्यावर घेऊन तिला चढावरून वर नेलं. मी मागून तिच्या चपला हातात घेऊन चालत होते. वर दुसरी गाडी मिळेपर्यंत उशीर झाला, आमची मशीनची पाळी गेली, दुसऱ्या दिवशी सकाळी डायलिसिस झालं. घरी आल्यावर माय भिंतीकडं तोंड करून म्हणाली, ‘‘जिवंतपणी चौघाच्या खांद्यावरून गेली मी. आता पुन्हा नाई जात. कुठीच नाई.’’

मी हात जोडले, रडले, शेवटी तिच्यावर चिडलेही. ती हलली नाही. शुक्रवार परवावर आला होता. मला त्या दोन दिवसांत स्वतःची किळस येत राहिली.

 गुरुवारी बाबा एकटेच खामगावला गेले आणि क्लच प्लेट आणि भंगारातल्या एका जीपचा क्राउन-पिनियन पोत्यात बांधून घेऊन आले. ट्रॅक्टरनं ओढून आणलेल्या जीपखाली शुक्रवारी सकाळपासून ते पडून होते. सत्तरीतला माणूस, गुडघे वाकत नाहीत, खाली जायचा तर आधी एका कुशीवर निजायचा. मी पाने-पक्कड हातात देत होते. दात्यांना त्यांनी ग्रीसमध्ये कालवलेला गेरू लावला, फिरवून ठसा कुठं उमटतो ते पाहिलं, पुन्हा खोललं, पुन्हा बसवलं. शुक्रवार तसाच गेला. मायचे पाय सुजले होते.

शनिवारी सकाळी बाबांनी एक मागचं चाक जॅकवर उचललं, चाकावर आणि इंजिनाचा जोर मागच्या अ‍ॅक्सलला नेणाऱ्या शाफ्टवर खडूनं खूण केली. मग ओट्यावर खुर्चीत बसलेल्या मायला म्हणाले, ‘‘मी खालून शाफ्ट पाह्यतो. पोरगी चाक फिरवते. तू चाकाची खूण पाय. खाली आली का सांग. दोन फेरे झाले पाह्यजे.’’

 मी हळूहळू चाक फिरवू लागले. खूण खाली आली, आणि बऱ्याच वेळानं मायचा आवाज आला, ‘‘एक.’’ मी हात थांबवला नाही. ‘‘दोन.’’

बाबा खालून म्हणाले, शाफ्टचे फेरे साडेचारपेक्षा थोडे जास्त. आधी चारपेक्षा थोडे जास्त होते. त्यांनी मायलाच सगळं समजावलं, मला नाही. चाक जेवढ्या पटीनं वाढलं तेवढ्याच पटीनं शाफ्टचे फेरेही वाढले, म्हणजे चढावर गाडीची ताकद आता पहिल्यासारखी. मायनं विचारलं, नक्की का? ते म्हणाले, माझं ऐकू नको, बघ.

त्यांनी जीपमध्ये सरकीची पोती भरली, आम्हा तिघांच्या वजनापेक्षा जास्तच. मायला पांधणीतून ट्रॅक्टरवर नाल्यापर्यंत आणलं आणि सावलीत बसवलं. मी जीप पहिल्यात टाकली आणि क्लच पूर्ण सोडून दिला. गाडी एकाच लयीत दगडांवरून चढली. वर जाऊन खाली आले, पुन्हा चढले. तिसऱ्यांदा खाली आले तर माय उभी होती. म्हणाली, पोती काढा. खामगावच्या वाटेवर बाबा बाहेर बघत होते. प्रत्येक दगडाला मीटर बरोबर जुळत होता. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, समोर पाहून चालव.

त्यानंतर मायचा एकही वार चुकला नाही. चैतात ती घरीच गेली, झोपेत. बुद्धवंदना झाली, लोक जमले. गावातल्या पुरुषांनी बांबू आणले होते, तिरडी बांधायला बसले. स्मशान गावाच्या पलीकडं, म्हणजे नाला चढूनच जायचं होतं. बाबा उठले आणि म्हणाले, ‘‘खांद्यावर नाई. थे नाई म्हनली होती.’’

एकदोघांनी रीत सांगून पाहिली. बाबांनी जीपचं मागचं दार उघडलं आणि सीट काढायला लागले. मायला आत ठेवलं. बाबा तिच्याजवळ खाली बसले. गाडी चालवायला कोण, असं कोणी विचारलं नाही. पांधण तेव्हा कोरडी होती. माणसं मागून पायी येत होती. नाल्यात उतरले, पहिला टाकला, क्लच सोडला. चढाच्या मध्यावर, जिथं गाडी एकदा मागं सुटली होती, तिथं ती जराही कचरली नाही. मागून बाबा हळू आवाजात मोजत होते, ‘‘एक… दोन…’’ मी आरशात पाहिलं नाही. समोर पाहून चालवलं.